बास्केटबॉलसाठी लो-टॉप बुटांची निवड : कामगिरी, सोय आणि घोट्याची सुरक्षितता

प्रस्तावना

महाविद्यालयाच्या बास्केटबॉल संघात नव्याने निवड झालेल्या विद्यार्थ्यापुढे पहिला मोठा खर्च उभा राहतो तो बुटांचा. चेंडू आणि गणवेश यांची व्यवस्था महाविद्यालय करते. बूट मात्र पुष्कळ ठिकाणी खेळाडूलाच घ्यावे लागतात. अशा वेळी तो क्रीडाशिक्षकांकडे किंवा ज्येष्ठ खेळाडूंकडे सल्ला मागतो आणि त्याला बहुधा एकच उत्तर मिळते : घोटा झाकणारे उंच बूट घे, म्हणजे पाय मुरगळणार नाही. हा सल्ला आपुलकीने दिलेला असतो आणि वरवर पाहता तो पटण्यासारखाही आहे. परंतु गेल्या तीन-साडेतीन दशकांतील संशोधनाने त्याला पुरेसा आधार दिलेला नाही.

या सल्ल्यामुळे होणारे नुकसान केवळ पैशाचे नसते. उंच कॉलर आपला घोटा सांभाळत आहे अशी खेळाडूची समजूत झाली, की घोटा ज्या उपायांनी खरोखर सांभाळला जातो त्यांकडे त्याचे दुर्लक्ष होते. एकदा मुरगळलेला घोटा पुन्हा मुरगळण्याची शक्यता मोठी असते. त्यामुळे पहिल्या वर्षातील एक दुखापत विद्यार्थ्याच्या पुढील सर्व हंगामांवर परिणाम करू शकते.

प्रस्तुत लेखात तीन प्रश्नांचा विचार केला आहे. (१) कमी उंचीच्या कॉलरमुळे घोट्याच्या दुखापतीचा धोका वाढतो काय? (२) खेळाडूच्या कामगिरीवर बुटाच्या कोणत्या गुणांचा परिणाम होतो? (३) आपल्याकडील मैदानांवर खेळणाऱ्या खेळाडूने लो-टॉप बूट निवडताना कोणत्या गोष्टी तपासाव्यात?

येथे वापरलेल्या संज्ञा प्रथम स्पष्ट करणे आवश्यक आहे. ज्या बुटाची कॉलर घोट्याच्या दोन्ही बाजूंच्या हाडांच्या खाली संपते तो लो-टॉप, जी कॉलर साधारणपणे त्या हाडांपाशी येते तो मिड-टॉप आणि जी त्यांना पूर्णपणे झाकते तो हाय-टॉप होय.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

डिसेंबर १८९१ मध्ये अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे जेम्स नाइस्मिथ या शारीरिक शिक्षणाच्या अध्यापकाने बास्केटबॉल हा खेळ तयार केला, तेव्हा या खेळासाठी स्वतंत्र बूट अस्तित्वात नव्हते. १९१७ मध्ये कॉन्व्हर्स कंपनीने रबरी तळाचा आणि कॅनव्हासचा उंच बूट बाजारात आणला. पुढे चक टेलर या खेळाडूच्या नावाने तो ओळखला जाऊ लागला आणि बास्केटबॉलचा बूट म्हणजे उंच बूट, हे समीकरण रूढ झाले. मऊ कॅनव्हासची ती कॉलर घोट्याला कितपत आधार देत असेल, हा प्रश्न त्या काळी फारसा विचारला गेला नाही.

लो-टॉप बूट ही अलीकडची टूम आहे, असा एक समज आढळतो. तो बरोबर नाही. कॉन्व्हर्सने आपल्या याच बुटाची बुटकी आवृत्ती १९५७ मध्ये काढली होती. १९६९ मध्ये आदिदास कंपनीचा सुपरस्टार हा कातडी लो-टॉप बूट आला. १९७३ मध्ये वॉल्ट फ्रेझिअर या खेळाडूच्या टोपणनावाने प्यूमा कंपनीने क्लाइड हा लो-टॉप बूट काढला. १९८२ चा नायके एअर फोर्स १ आणि १९८५ चा एअर जॉर्डन यांच्या लोकप्रियतेनंतर उंच कॉलर पुन्हा प्रतिष्ठित झाली.

या विचाराला नवे वळण मिळाले ते २००८-०९ च्या हंगामात. बालपणीचा काही काळ इटलीत घालवलेल्या कोबी ब्रायंट याने फुटबॉलपटूंच्या बुटांकडे लक्ष वेधले. फुटबॉलपटूही वेगाने दिशा बदलतात, त्यांच्याही घोट्यांवर बाजूने मोठा ताण येतो, तरीही ते बुटक्या कॉलरचे बूट घालून खेळतात, असा त्याचा युक्तिवाद होता. त्यानुसार एरिक अवार या रचनाकाराने त्याच्यासाठी झूम कोबी ४ हा लो-टॉप बूट तयार केला. त्यानंतर एनबीएमध्ये लो-टॉप बुटांचा प्रसार झपाट्याने झाला. विशेष म्हणजे २०१४ मध्ये त्याच मालिकेतील पुढील एका बुटाला अतिशय उंच, विणलेली कॉलर देण्यात आली. कॉलरची उंची रचनाकाराच्या कल्पनेनुसार आणि काळाच्या आवडीनुसार बदलत आली आहे, हे या इतिहासावरून लक्षात येते. म्हणून सुरक्षिततेचा निर्णय प्रचलित पद्धतीवर न सोपवता पुराव्याच्या आधारे घेणे योग्य ठरते.

घोटा कसा मुरगळतो?

घोट्याच्या बाहेरील बाजूस तीन प्रमुख अस्थिबंध असतात. पाऊल एकाएकी आतल्या बाजूस वळले, की त्यांपैकी पुढच्या अस्थिबंधावर सर्वप्रथम ताण येतो आणि तोच सर्वाधिक वेळा दुखावतो. बास्केटबॉलमध्ये उडी मारून खाली येताना दुसऱ्या खेळाडूच्या पावलावर पाऊल पडणे आणि वेगात एकदम दिशा बदलणे हे असे प्रसंग होत. ही क्रिया सेकंदाच्या अत्यल्प भागात घडते. पाऊल वळू लागल्याची जाणीव होऊन पायाच्या बाहेरील स्नायूंनी प्रतिकार करेपर्यंत बहुधा उशीर झालेला असतो. म्हणून पाऊल जमिनीला टेकण्यापूर्वीच स्नायू सज्ज असणे महत्त्वाचे असते. उडीवरून उतरणाऱ्या शरीराचा भार स्वतःच्या वजनाच्या कित्येक पट असतो. एवढ्या भाराने वळणारे पाऊल कापडाच्या किंवा मऊ कातड्याच्या कॉलरने रोखले जाईल, ही अपेक्षा मुळातच मोठी आहे.

या संदर्भात १९९३ मध्ये 'अमेरिकन जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेला बॅरेट व सहकाऱ्यांचा अभ्यास महत्त्वाचा आहे. त्यांनी महाविद्यालयीन स्तरावरील ६२२ बास्केटबॉल खेळाडूंची यादृच्छिक पद्धतीने तीन गटांत विभागणी केली. एका गटाला हाय-टॉप, दुसऱ्याला लो-टॉप आणि तिसऱ्याला हवा भरता येणाऱ्या कप्प्यांचे हाय-टॉप बूट देण्यात आले. हंगामात घोट्याच्या एकूण १५ दुखापती नोंदल्या गेल्या आणि तिन्ही गटांतील प्रमाणांत संख्याशास्त्रीयदृष्ट्या लक्षणीय फरक आढळला नाही. दुखापतींची एकूण संख्या लहान असल्यामुळे दोन्ही प्रकारांत मुळीच फरक नाही, असे या अभ्यासावरून ठामपणे म्हणता येणार नाही. परंतु उंच कॉलर घोटा वाचवते, या विधानाचा पुरावा त्यातून मिळाला नाही, हे निश्चित.

२००१ मध्ये 'ब्रिटिश जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन' मध्ये प्रसिद्ध झालेल्या मॅके व सहकाऱ्यांच्या ऑस्ट्रेलियातील अभ्यासात सुमारे १०,४०० वेळचा खेळाडूंचा सहभाग पाहण्यात आला. त्यात दर १,००० सहभागांमागे घोट्याच्या ३.८५ दुखापती आढळल्या. त्यांपैकी जवळजवळ निम्म्या उडीवरून उतरताना झाल्या होत्या. ज्यांचा घोटा पूर्वी दुखावला होता, त्यांना नव्या दुखापतीचा धोका इतरांच्या जवळजवळ पाचपट होता. टाचेत हवेचे कप्पे असलेल्या बुटांचा संबंधही अधिक दुखापतींशी दिसून आला. मात्र कर्टिस व सहकाऱ्यांच्या २००८ च्या अभ्यासात टाचेखाली धक्का शोषणारे स्तंभ असलेल्या बुटांमुळे धोका वाढल्याचे दिसले नाही. त्यामुळे टाचेच्या रचनेबाबत अंतिम निष्कर्ष काढता येत नाही. पूर्वीची दुखापत हा धोक्याचा मोठा घटक आहे, ही बाब मात्र स्पष्ट होते.

कामगिरीचा विचार

लो-टॉप बुटाचा सर्वांत प्रसिद्ध गुण म्हणजे त्याचा हलकेपणा. तथापि, हलका बूट म्हणजे उंच उडी, हे समीकरण तितके सरळ नाही. कॅनडातील कॅलगरी विद्यापीठातील संशोधकांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात सुमारे ३५२, ५१० व ६३७ ग्रॅम वजनाच्या बुटांची तुलना केली. ज्या खेळाडूंना बुटांच्या वजनातील फरक सांगितला होता, त्यांची उडी व बाजूची हालचाल हलक्या बुटात सुमारे दोन टक्क्यांनी सुधारली. ज्यांना तो सांगितला नव्हता, त्यांच्या कामगिरीत फरक पडला नाही. म्हणजे लाभाचा वाटा बुटापेक्षा मनाचा अधिक होता. असा लाभही खेळाडूला हवाच असतो; पण काही ग्रॅम वाचवण्यासाठी दुप्पट किंमत मोजावी काय, याचा विचार या प्रयोगाच्या प्रकाशात करावा.

कॉलरचा प्रश्न वजनाहून वेगळा आहे. स्पेनमधील ब्रिझुएला व सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये घोट्याला अधिक आधार देणाऱ्या व कमी आधार देणाऱ्या बुटांची तुलना केली, तेव्हा अधिक आधाराच्या बुटात उडीची उंची कमी भरली आणि धावण्याच्या चाचणीला अधिक वेळ लागला. घोट्याची हालचाल आखडली, की उडी घेताना पिंढरीच्या स्नायूंना पूर्ण वाव मिळत नाही, हे यामागील संभाव्य कारण होय.

पकड हा कामगिरीचा तिसरा आणि बहुधा सर्वांत महत्त्वाचा घटक आहे. धावण्याचा वेग, दिशा बदलणे आणि उडी यांपूर्वीचे थांबणे या सर्व क्रिया तळ आणि जमीन यांच्यातील घर्षणावर अवलंबून असतात. वोरोबेट्स व वॉनप यांनी २०१५ मध्ये वजन, पकड आणि चवड्याचा ताठपणा यांची तुलना केली, तेव्हा पकडीचा प्रभाव सर्वांत ठळक दिसून आला. खरेदीच्या वेळी मात्र बुटाचा रंग आणि वजन प्रथम पाहिले जाते. बूट उलटा करून तळ पाहण्याचे कष्ट क्वचितच घेतले जातात.

लो-टॉप बूट निवडताना पाहावयाच्या गोष्टी

लो-टॉप बुटात कॉलर नसल्यामुळे पाऊल धरून ठेवण्याची सर्व जबाबदारी बुटाच्या खालच्या भागावर येते. म्हणून पुढील गोष्टी क्रमाने तपासाव्यात.

१) टाचेची पकड : टाचेमागील भाग बोटांनी दाबून पाहावा, तो सहज चेपता कामा नये. नाड्या बांधून चवड्यावर उभे राहिल्यास टाच बुटातून वर सरकता कामा नये. लो-टॉप बुटात हा दोष लपत नाही आणि वापरानंतर तो वाढतच जातो. थोडी सैलता असल्यास सर्वांत वरच्या जादा छिद्रांतून नाडीचा फासा करून टाच घट्ट धरता येते. पण बूटच मापाने मोठा असेल, तर हा उपाय पुरेसा होत नाही.

२) तळाची रुंदी : चवड्याच्या बाहेरील बाजूस तळ किंचित बाहेर पसरलेला असावा. दिशा बदलताना पाऊल तळाच्या कडेवरून बाहेर कलंडू नये, हा त्यामागील हेतू असतो. बूट घालून बाजूला जोराने पाऊल टाकून पाहावे. आतले पाऊल कडेबाहेर जात असल्याचे जाणवल्यास तो बूट घेऊ नये.

३) तळाची जाडी : मऊ आणि जाड तळ दुकानात सुखद वाटतो. परंतु पाऊल जमिनीपासून जितके उंच, तितका ते वळण्याचा आवेग अधिक. घोट्याला कॉलरचा स्पर्शही नाही आणि खाली उंच, मऊ फोम, असा संयोग विशेषतः बाजूच्या हालचाली अधिक करणाऱ्या गार्ड खेळाडूने टाळावा. जड बांध्याच्या आणि वारंवार उड्या मारणाऱ्या खेळाडूला धक्का शोषणाऱ्या तळाची गरज अधिक असते. त्याने रुंद बैठकीचा तळ पाहावा.

४) पीळ आणि वाक : बूट दोन्ही हातांनी पिळून पाहावा, मधल्या भागात तो कापडासारखा पिळला जाता कामा नये. वाकवल्यास तो बोटांच्या मुळाशी, म्हणजे पाऊल जेथे नैसर्गिकरीत्या वाकते तेथेच वाकावा.

५) बाह्यतळ : बंदिस्त लाकडी मैदानासाठी तयार केलेले मऊ रबर सिमेंटवर लवकर झिजते. महाराष्ट्रातील अनेक महाविद्यालयांची मैदाने उघडी आणि सिमेंटची आहेत. अब्बास मुंतसिर यांच्यासारखा १९७० चा अर्जुन पुरस्कार विजेता खेळाडू देणारे मुंबईतील नागपाडाही उघड्या मैदानावरील खेळासाठीच ओळखले जाते. अशा मैदानांसाठी टणक रबराचा, खोल आणि नागमोडी नक्षीचा तळ निवडावा. उघड्या मैदानावर धुळीचा थर असतो. त्यामुळे खेळापूर्वी मैदान झाडणे आणि ओलसर फडक्याने तळ पुसणे हे पकड टिकवण्याचे अतिशय स्वस्त उपाय ठरतात.

माप आणि सोय

बुटाच्या सोयीचा पाया योग्य माप हा आहे. दिवसभराच्या हालचालीने पाऊल किंचित फुगते, म्हणून माप सायंकाळी घ्यावे. ते उभे राहून, खेळताना वापरावयाचे मोजे घालून आणि दोन्ही पावलांचे घ्यावे. पुष्कळांची दोन पावले सारखी नसतात, तेव्हा मोठ्या पावलाचे माप प्रमाण मानावे. सर्वांत लांब बोटापुढे साधारणपणे एक सेंटीमीटर जागा असावी. ती नसेल, तर थांबताना नखे बुटाच्या टोकावर आपटतात. ती फार असेल, तर पाऊल आत घसरते आणि फोड येतात.

आपल्याकडे प्रामुख्याने ब्रिटिश क्रमांक वापरले जातात. त्यांतील एका पूर्ण क्रमांकाचा फरक एक तृतीयांश इंच, म्हणजे सुमारे साडेआठ मिलिमीटर असतो. अमेरिकी क्रमांक पुरुषांच्या बुटांत त्यापेक्षा साधारण अर्ध्याने ते एकाने जास्त असतो आणि हा फरक कंपनीनुसार बदलतो. म्हणून क्रमांकावर विसंबून न राहता बुटाच्या जिभेवर छापलेले सेंटीमीटरमधील माप पाहणे श्रेयस्कर.

लांबीइतकीच रुंदीही महत्त्वाची आहे. डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात चेन्नई येथील केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने देशातील ७९ ठिकाणी एक लाखाहून अधिक व्यक्तींच्या पावलांची मापे घेतली. भारतीयांची पावले सामान्यतः पाश्चात्त्य मापांच्या साच्यापेक्षा रुंद असल्याचे त्यातून दिसून आले. पाऊल आवळले जाते म्हणून एक क्रमांक मोठा बूट घेण्याची आपल्याकडील सवय यातूनच आली असावी. अशा वेळी रुंदी मिळते, पण लांबी वाढते आणि टाच सैल होते. लो-टॉप बुटात तर ही तडजोड अधिकच महाग पडते. त्याऐवजी रुंद साच्याचा बूट शोधावा. विद्यार्थिनींच्या बाबतीत आणखी एक अडचण असते. स्त्रियांची टाच चवड्याच्या मानाने सामान्यतः अरुंद असते. पुरुषांच्या साच्यावरील लहान क्रमांकाचा बूट त्यांना दिल्यास चवडा नीट बसतो, पण टाच निसटते.

बूट वापरून सैल होतील, हे आश्वासन स्वीकारू नये. कातडे काहीसे सैल होते. कृत्रिम आवरण फारसे होत नाही. कॅलगरी येथील बेनो निग व सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये धावण्याच्या बुटांसंबंधी असे मत मांडले, की धावपटू स्वतःच्या सोयीच्या जाणिवेने बूट निवडतो तेव्हा त्याची दुखापतीची शक्यता घटते. हा विचार धावण्यासंबंधीचा असल्यामुळे तो बास्केटबॉलला जसाच्या तसा लागू करता येणार नाही. पण पहिल्याच दिवशी टोचणारा बूट घेऊ नये, एवढा बोध त्यातून घेता येतो.

घोट्याचे खरे संरक्षण

कॉलर घोटा सांभाळत नसेल, तर तो सांभाळतो कोण? याचे उत्तर दोन अभ्यासांतून मिळते. मॅकग्वाइन व कीन यांनी २००६ मध्ये फुटबॉल व बास्केटबॉल खेळणाऱ्या ७६५ शालेय खेळाडूंवरील प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांपैकी एका गटाने हंगामापूर्वी आणि हंगामात तोल राखण्याचे व्यायाम केले : एका पायावर उभे राहणे, डोळे मिटून उभे राहणे, डगमगत्या फळीवर तोल सांभाळणे आणि त्याच स्थितीत चेंडू हाताळणे. या गटात घोटा मुरगळण्याचा धोका ३८ टक्क्यांनी कमी झाला. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मॅकग्वाइन व सहकाऱ्यांच्या दुसऱ्या अभ्यासात १,४६० शालेय बास्केटबॉलपटूंचा समावेश होता. नाड्यांचा घोटापट्टा वापरणाऱ्या गटात घोट्याच्या दुखापतींचे प्रमाण न वापरणाऱ्यांच्या सुमारे एक तृतीयांश राहिले. मात्र झालेल्या दुखापतींची तीव्रता कमी झाली नाही.

स्टीफन करी याचे उदाहरण येथे उद्बोधक आहे. त्याच्या उजव्या घोट्यावर २०११ व २०१२ मध्ये शस्त्रक्रिया झाल्या. त्यानंतर त्याच्या प्रशिक्षणात नितंब व मांड्यांच्या स्नायूंच्या बळावर विशेष भर देण्यात आला आणि २०१५ व २०१६ मध्ये तो एनबीएचा सर्वाधिक मूल्यवान खेळाडू ठरला.

लो-टॉप बूट आणि घोटापट्टा हे परस्परांना पूरक आहेत, ही बाबही लक्षात घ्यावी. पट्टा कॉलरखाली कोंबावा लागत नाही. मात्र पट्ट्यामुळे बुटात जागा कमी होते. म्हणून पट्टा वापरणाऱ्या खेळाडूने तो घालूनच बुटाचे माप पाहावे.

महाविद्यालयांसाठी काही सूचना

१) संघातील प्रत्येक खेळाडूच्या दोन्ही पावलांची लांबी व रुंदी आणि घोट्याच्या पूर्वीच्या दुखापती यांची नोंद वर्षारंभी ठेवावी.

२) क्रीडा निधीतून बूट घ्यावयाचे झाल्यास एकाच नमुन्याचे बूट सर्वांसाठी मागवू नयेत. दरपत्रके मागवताना दोन किंवा तीन साचे आणि माप न बसल्यास बदलून देण्याची अट नमूद करावी.

३) निधी मर्यादित असल्यास महागड्या बुटांपेक्षा पूर्वी दुखापत झालेल्या खेळाडूंच्या घोटापट्ट्यांना अग्रक्रम द्यावा.

४) तोल राखण्याच्या व्यायामासाठी सरावाच्या प्रारंभी दहा मिनिटे राखून ठेवावीत. त्यासाठी खर्च जवळजवळ लागत नाही.

५) मैदानावरील बूट रस्त्यावर वापरू देऊ नयेत. तळाची नक्षी गुळगुळीत झाली, फोमवर खोल सुरकुत्या पडल्या किंवा सपाट टेबलावर ठेवलेला बूट एका बाजूस कललेला दिसला, की तो सरावातून काढून टाकावा.

निष्कर्ष

लो-टॉप बुटामुळे घोट्याचा धोका वाढतो, असे उपलब्ध अभ्यासांवरून सिद्ध होत नाही. तसेच केवळ तो हलका आहे म्हणून कामगिरी उंचावते, असेही नाही. टाच घट्ट धरणारा, रुंद बैठकीचा, मैदानाला अनुरूप पकड असलेला आणि पावलाच्या रुंदीला साजेसा लो-टॉप बूट हा महाविद्यालयीन खेळाडूसाठी उत्तम पर्याय ठरू शकतो. ज्याला उंच कॉलरमध्ये अधिक निर्धास्त वाटते त्याने ती अवश्य वापरावी. मात्र घोट्याचे रक्षण तिच्यावर सोपवू नये. बुटांबद्दल विचारण्यासाठी विद्यार्थी आपल्याकडे येतो, तेव्हा कॉलरच्या उंचीआधी त्याला एक प्रश्न विचारावा : यापूर्वी तुझा घोटा कधी मुरगळला होता काय? उत्तर होकारार्थी आल्यास दुकानात जाण्यापूर्वी त्याला एका पायावर उभे राहावयास शिकवणे, हे क्रीडाशिक्षकाचे पहिले काम होय.